शनिवारचं वाचन

दाखल्यावर अण्णांची सही तेवढी राहिली होती, आणि एका सहीसाठी या घरात आजवर कधी पाच माणसं लागली नव्हती.

रविवारची दुपार. खाली बाइंडिंगचा कारखाना बंद, वर जेवणं उरकलेली, टेबल पुसून झालेलं. टेबलाच्या एका टोकाला अण्णा पेन धरून बसले होते. डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा होता, पण दोन वर्षांपासून तो नुसता सवयीने लावलेला, अक्षर काही त्यातून दिसत नव्हतं. दुसऱ्या टोकाला दादा, म्हणजे थोरला मुलगा, कारखान्याचा सगळा कारभार बघणारा. मध्ये आत्या, अण्णांची धाकटी बहीण. तिने तोंड उघडलं की माणसं हसायला तयारच असायची. दादाच्या खुर्चीमागे त्याची बायको, सगळ्यांची वहिनी. आणि खिडकीपाशी उभी होती ती धाकटी, धाकट्या मुलाची बायको. धाकटा स्वतः पुस्तकांचे गठ्ठे पोचवायला बाहेरगावी गेला होता, त्यामुळे तिच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. तो घरी असता तरी बोलला असता की नाही, देव जाणे. नवरा लाखात एक, पण घरात आवाज चढला की हा चपला शोधायला लागायचा.

"वाच बघू एकदा," अण्णा म्हणाले.

दादाने घसा साफ केला. "'सदर बाई आमच्याकडे एकोणीस वर्षे शिवणकामास होत्या. गेल्या पाच महिन्यांत त्यांच्या कामात वारंवार चुका होऊन प्रती वाया गेल्या. त्या स्वेच्छेने काम सोडत आहेत.' झालं. करा सही. चार वाजता ती येईल न्यायला."

असला दाखला हातात घेऊन शिवणबाई कुठेही गेली असती, तरी कोणी तिला दारात उभं केलं नसतं. नदीपलीकडच्या बाइंडिंगवाल्याने तिला घ्यायची तयारी दाखवली होती, पण आधीच्या मालकाचा कागद आण म्हणाला होता. पन्नाशीची बाई, दुसरं काही येत नाही, येतं ते असं येतं की तिने शिवलेलं पुस्तक पाठीवर मोडा, पान म्हणून निसटायचं नाही. आणि कागद म्हणत होता, कामात वारंवार चुका.

 धाकटीला खरं काय ते माहीत होतं.

या सगळ्याच्या मुळाशी शनिवारचं वाचन होतं, आणि ते सुरू केलं अण्णांच्या वडिलांनी. कारखाना काढला त्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका पुस्तकाला पुठ्ठा उलटा चिकटवला. दुसरा कोणी असता तर गुपचूप फाडून टाकला असता. म्हातारा शनिवारी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर उभा राहिला, त्याच पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचलं, आणि स्वतःवरच पोट धरधरून हसला. तेव्हापासून पद्धत पडली. आठवड्यात ज्याच्या हातून प्रत बिघडेल त्याच्या टेबलावर ती ठेवायची, आणि शनिवारी चहाला त्याने तिच्यातलं एक पान वाचून दाखवायचं. अण्णांनी वाचलं होतं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिनेही वाचलं होतं. लाजून लाल झाली, पण त्या दिवशी तिला पहिल्यांदा आपण इथल्या आहोत असं वाटलं.

शिवणबाईवर एकोणीस वर्षांत ही पाळी आली नव्हती. तिच्या हातून प्रत बिघडायचीच नाही. आणि बरंच होतं ते, कारण ती अडखळत बोलायची. बाजूला बसून गप्पा मारताना ते कोणाच्या ध्यानातही यायचं नाही. पण चार माणसांसमोर उभं राहून वाच म्हटलं की शब्द तोंडातच अडायचे.

मग पाच महिन्यांपूर्वी नवं कटिंग मशीन आलं. शिवून झालेल्या पुस्तकाच्या तीन कडा कापून सरळ करायच्या, एवढंच ते काम. दादा ते दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी एक बिघडलेली प्रत शिवणबाईच्या टेबलावर होती. ती वाचायला उभी राहिली, अडली, पुन्हा अडली. दादा मागून म्हणाला, "रेडिओ लागत नाहीये आज, खरखर फार आहे," आणि अकरा कामगारांच्या हातातले कप हसण्याने हिंदकळले. तेव्हापासून ती रेडिओ झाली. पाच महिन्यांत सात वेळा तिच्या टेबलावर प्रत आली. सातव्या वेळी, म्हणजे आठ दिवसांपूर्वीच्या शनिवारी, तिने मध्येच पुस्तक मिटलं, हाताला लागलेली खळ नळाखाली धुतली, आणि पिशवी उचलून निघून गेली.

"कुठे करायची सही?" अण्णांनी विचारलं. दादाने त्यांचा हात धरून कागदावर जागा दाखवली.

"अण्णा, सही करू नका."

सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं. आवाज धाकटीचाच होता, पण तिला स्वतःलाही तो जरा अनोळखी वाटला.

"काय म्हणालीस?" दादाने विचारलं.

"सही करू नका म्हटलं. त्या चुका तिच्या नाहीत."

दादा खुर्चीत मागे रेलला आणि हसला. त्याला असल्या प्रसंगातून कसं निसटायचं ते बरोबर जमायचं. आधी हसायचं, मग समोरच्याला हसवायचं, आणि तोवर मुद्दा कुठल्या कुठे गेलेला असतो. "घ्या! एक रेडिओ बंद पडला तर दुसरा लागला घरात. अगं, तुला कागदांना घडी घालायला कोणी शिकवलं? तिनेच ना? म्हणून उमाळा आलाय. एवढंच आहे ते, अण्णा, करा तुम्ही सही."

वहिनी सवयीने हसली. धाकटीचे कान तापले. तिला वाटलं, झालं, आपण आपलं म्हणून झालं, आता गप्प बसावं. पाच महिने ती अशीच गप्प बसली होती. मूग गिळायचं एकदा अंगवळणी पडलं की त्याचं काही वाटेनासं होतं, हे तिला आता कळत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"उमाळा नाही, दादा. डोळे आहेत म्हणून बोलतेय."

"आत्या, बघ गं हिच्याकडे!" दादा वळला. "तू सांग हिला परवा काय झालं ते. कर की एकदा ती नक्कल. चेहरा पडलाय सगळ्यांचा, जरा हसू दे."

आत्याची नक्कल म्हणजे या घरातलं हुकमी औषध. तिने कोणाला म्हणून सोडलं नव्हतं. डॉक्टर, पोस्टमन, अण्णांचे सासरे, स्वतःचा नवरा, तोही जिवंतपणी, त्याच्यासमोर. मी सगळ्यांचीच करते, त्यात कसला आलाय अपमान, असं ती म्हणायची, आणि ते तिला मनापासून पटलेलंही होतं.

पण परवा एक गोष्ट झाली होती, ती तिने कोणाला सांगितली नव्हती. शिवणबाई पानाच्या शेवटच्या ओळीशी अडली, तेव्हा मागून "थोड्याच वेळात बातम्या" असं निवेदकाच्या सुरात म्हणणारी आत्याच होती. सगळा कारखाना लोळला. आणि शिवणबाईने वळून बघितलं ते दादाकडे नाही, आत्याकडे. रागाने नाही. तू सुद्धा होय, एवढंच त्या नजरेत होतं. आत्या आजारी होती त्या वर्षी रोज दुपारची सुट्टी झाली की वर येऊन तिच्याजवळ बसणारी हीच बाई होती. आत्याला आठ रात्री ती नजर डोळ्यांसमोरून हलली नव्हती.

"मी नाही करणार," आत्या म्हणाली.

"का? घसा बसला?"

"घसा चांगला खणखणीत आहे माझा. लाज वाटते, म्हणून नाही करणार."

दादाचं हसू ओठांवरच राहिलं. आत्या नाही म्हणते हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

"आता तू पण? अगं, गंमत असते ती. आजोबांची पद्धत आहे ही, मी नाही काढली."

"आजोबांनी स्वतःची चूक वाचली होती," धाकटी म्हणाली. आता तिचा आवाज सरळ निघाला, घाईबिईशिवाय. "दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन नव्हती ठेवली."

 अण्णांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?" दादाने विचारलं. आवाज खाली आला होता. "चोर ठरवतेस मला? माझ्याच घरात?"

"अहो," वहिनी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

वहिनीने लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी चारचौघांत नवऱ्याला कधी खाली बघायला लावलं नव्हतं. तिच्या मते बायकोचं ते कामच. नवं मशीन आलं तेव्हापासून तो वर आला की हात फार वेळ धूत बसायचा. प्रती त्याच्याच हातून बिघडतायत, हे पहिल्या आठवड्यातच तिने ओळखलं होतं. म्हटलं, हात बसेल हळूहळू, कोणाला कळायचंही नाही. मशीनवर हात बसला असता तर बसला असता. पण त्याचा हात बसला तो चूक दुसऱ्यावर ढकलायला, आणि आपण मागे उभं राहून हसलो. आत्ता, दोन मिनिटांपूर्वीसुद्धा हसलो. हे मात्र तिला सहन होईना. ती खुर्चीमागून निघाली.

"कुठे चाललीस?"

"कपाटाशी."

"काही गरज नाहीये."

"आहे," वहिनी म्हणाली. "आणि माझ्यावर ओरडू नका, मी ऐकायची नाही."

वाया गेलेल्या प्रती ती कपाटात ठेवायची, पुढच्या-मागच्या कोऱ्या पानांवर घरातल्या मुलांना चित्रं काढायला. तिने सातही प्रती आणल्या आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवल्या. दादाने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

अण्णांनी पहिलं पुस्तक उचललं. डोळ्यांना न दिसणारं सगळं त्यांच्या अंगठ्याला दिसायचं. त्यांनी पुस्तक मधोमध उघडलं, एक पान चिमटीत धरून ओढलं. पान जागचं हललं नाही. मग पुस्तक मिटून खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. चौथ्याला हात लावला नाही.

"शिवण पक्की आहे," ते म्हणाले. "कटिंग तिरकं आहे. तिन्हींत. बाकीची बघायची गरज नाही." मग धाकटीला म्हणाले, "सगळ्यांत वरचं होतं ते परवाचं ना? ती अडली ते पान काढ. शेवटची ओळ वाच."

धाकटीने पान काढलं. "नाही वाचता येत, अण्णा. ओळ अर्धी कापली गेलीय. अक्षरांचे नुसते माथे राहिलेत."

"म्हणजे ती तिथे अडली..."

"तिथे वाचायला काही नव्हतंच. आणि आपण हसलो."

तीन पिढ्या पुस्तकं बांधणारं घर. कागद नुसता बोटांत चुरून त्याची जात सांगणारी माणसं. आणि त्यांच्यासमोर सात वेळा एक वाकडं कापलेलं पुस्तक उघडं धरलं गेलं, तर एकाचंही लक्ष पुस्तकाकडे गेलं नाही. ज्या एकीचं गेलं, तिने पुस्तक न बोलता परत जागेवर ठेवलं. सगळे त्या बाईच्या तोंडाकडे बघत बसले होते. यापेक्षा मोठी नामुष्की या कारखान्याच्या वाट्याला कधी आली नव्हती.

"मला दिसत नाही हे खरं," अण्णा म्हणाले, "पण आण बघू इकडे, असं मी एकदा तरी म्हणायचं होतं. नाही म्हटलं. मला ते ऐकायला गंमत वाटत होती. शी!" त्यांनी दादाकडे तोंड वळवलं. "पहिल्यांदा का ठेवलंस तिच्या टेबलावर?"

दादाला उत्तर द्यायचं नव्हतं. पण समोर चार माणसं होती आणि आता त्यांच्यातलं एकही त्याच्या बाजूला नव्हतं. इतक्या वर्षांत तो या टेबलावर कधी एकटा पडला नव्हता.

"तुम्ही नको म्हणत होतात ते मशीन," तो म्हणाला. "मी हट्टाने आणलं. आणि पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून प्रत बिघडली. तीच घेऊन सगळ्यांसमोर उभा राहणार होतो मी? म्हटलं, एकदाच. तिची एवढ्या वर्षांत कधी पाळी आली नाही, एकदा आली तर काय बिघडतं? मग सगळे इतके हसले... मशीनचं कोणी विचारलंच नाही. पुढच्या वेळी सोपं गेलं."

"तुला सोपं गेलं," आत्या म्हणाली.

"हो. मला."

अण्णांनी चाचपून दाखल्याचा कागद उचलला आणि फाडला. "दुसरा कागद घे. तूच लिही, अक्षर तुझंच हवं. लिही, 'एकोणीस वर्षांत यांच्या शिवणीत आम्हाला एकही चूक सापडलेली नाही. यांच्या नावावर ज्या प्रती वाया गेल्या, त्या कटिंगमुळे गेल्या. कटिंग मी करतो.' खाली सही कर. मग माझी."

"अण्णा, हा कागद नदीपलीकडे जाणार. सगळ्या धंद्यात हसं होईल माझं."

"होऊ दे. तिचं झालंच असतं ना?"

दादाने लिहिलं. वहिनीने त्याच्याजवळ खुर्ची ओढली आणि तो लिहून होईपर्यंत तिथेच बसून राहिली.

चार वाजता बेल वाजली. शिवणबाई धुतलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांत आली होती. बस म्हटलं तर बसली नाही. दाखला घेतला, उभ्याउभ्याच मनात वाचला, पुन्हा एकदा वाचला. धाकटीला या खेपेला भीती वाटत नव्हती. आपण बोललो, त्यामुळे हा कागद बदलला. या एवढ्या आनंदावर आपला हक्क आहे असं तिला वाटत होतं.

दादा उठून उभा राहिला. "बाई, चूक माझी होती. सातही वेळा. मला माफ करा."

"मा-माहीत आहे."

"माहीत होतं?"

"शिवण आणि क-कटिंग यातला फरक मला कळणार नाही?"

"अगं मग बोललीस का नाही?" आत्याच्या तोंडून गेलं.

शिवणबाईने तिच्याकडे बघितलं. "मी ब-बोलायला लागले," ती म्हणाली, "की हसत होतात ना तुम्ही."

आत्याने मान खाली घातली. 

"उद्यापासून या परत," अण्णा म्हणाले. "तुमची जागा तुमचीच आहे."

"नाही, अण्णा. उद्या तिकडे रुजू होते." तिने कागदाची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि पिशवीत ठेवली.

धाकटी तिला सोडायला जिन्यापर्यंत गेली. दोन पायऱ्या उतरून शिवणबाई थांबली आणि वळली.

"पहिल्याच श-शनिवारी तू पुस्तक हातात घेतलं होतंस. कडेवरून बोट फिरवलंस. आणि परत ठेवलंस."

धाकटी एक पायरी खाली उतरली. "हो."

"मी बघत होते तुला. मला वाटलं, आता ही बोलेल. सातही वेळा वाटलं."

"मी घाबरले होते."

"मी पण," शिवणबाई म्हणाली. आवाजात धार नव्हती, आणि म्हणूनच धाकटीला ते ऐकवेना. "आज बोललीस ते ब-बरं केलंस. दाखला मिळाला मला. आता माझ्या जागी जी येईल, तिच्या वेळी पाच महिने लावू नकोस."

ती उतरून गेली. खालचं दार लागल्याचा आवाज आला तरी धाकटी तिथेच होती. रडू आलं तेवढं तिने येऊ दिलं, मग तोंड धुतलं आणि आत जाऊन दादाला म्हणाली, "उद्या मशीन सुरू करायच्या आधी मला दोन मिनिटं हवीत. सगळ्यांसमोर. तुम्हीही थांबायचं."

"थांबेन," दादा म्हणाला.

सोमवारी आठला अकराही कामगार हजर होते. दादा बंद मशीनपाशी उभा होता, वहिनी त्याच्या शेजारी. आत्या कधी नव्हे ती सकाळी खाली आली होती, अण्णांचा हात धरून. पलीकडे शिवणीच्या टेबलावर कोणी नव्हतं. सगळे आपापल्या कामाला लागायच्या बेतात होते, कोणी काहीतरी बोललं, दोघे हसले.

"जरा थांबा सगळे, इकडे बघा," धाकटी म्हणाली. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "मला एक गोष्ट सांगायचीय, आणि मी ती पाच महिने उशिरा सांगतेय."